नोना बोलत नाही

"जीभ आत घे गं. चावशील एखाद्या दिवशी."

मी जीभ आत घेतली. कोण बोललं, कुणाला बोललं, काही न बघता घेतली. अंगठा पिठाच्या तुकड्यावर तसाच टेकलेला राहिला, आणि मग माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मला जगात एकच माणूस म्हणत असे. त्या माणसाने नऊ वर्षांपूर्वी माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

वर पाहिलं. काचेच्या पलीकडे, एक नंबरच्या टेबलाशी, माझी ताई उभी होती.

केवढीशी झाली होती! एके काळी दारातून आत आली की खोलीतला उजेड अडायचा अशी माझी ताई. आता स्वेटरच तिला घेऊन चालत असावा असं वाटत होतं. स्वेटरची बटणं एक घर चुकून लागलेली. मला बटणं लावायला जिने शिकवलं, तिची. पर्स गळ्यात आडवी अडकवलेली होती आणि नाक जवळजवळ काचेला टेकलेलं होतं.

"बघ, ऐकलं तिनं," ती मागे वळून म्हणाली. "मी म्हटलं ना, आमची चिंगी आहे ती!"

मागे उभी असलेली तरुण बाई तिची सून असणार. मी तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. तिच्या लग्नाचं बोलावणं मला आलं नव्हतं.

"आई, आधी बसा बघू," सून म्हणाली. आवाज गोड होता, पण दमलेला. "एवढ्या लांबून आलो, वर दवाखान्यात तीन तास उभ्या होतात तुम्ही. त्यांना त्यांचं काम करू दे."

"अगं पण चिंगी..."

"हो हो. बसा."

आणि मी? मी पुढचा तुकडा ओढला, अंगठ्याने दाबला, उलटा केला, ट्रेमध्ये टाकला. कारण नोना बोलत नाही.

हे समजावून सांगायला हवं. हे इटालियन रेस्टॉरंट पास्त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तो पास्ता मी करते. हॉलच्या अगदी दर्शनी भागात माझी काचेची खोली आहे. सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. तीन बाजूंना काच, चौथ्या बाजूला किचनमध्ये उघडणारं दार. पुढच्या काचेच्या तळाशी एक आडवी फट ठेवली आहे, ट्रे बाहेर सरकवण्यापुरती. रव्याचा घट्ट गोळा मळायचा, त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करायच्या, बोथट सुरीने तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा अंगठ्याने दाबून उलटवायचा. छोटा कान तयार होतो. इटालियनमध्येही त्याला कानच म्हणतात म्हणे. असे कान मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत करते, आणि लोक जेवता जेवता मला बघतात. मत्स्यालयातल्या माशाला निदान पोहायला तरी मिळतं.

मेनूकार्डाच्या पहिल्याच पानावर माझा फोटो आहे. डोक्याला काळा रुमाल, पांढरा झगा, चेहऱ्यावर साऱ्या जगाबद्दलची माया. खाली लिहिलंय: 'नोना. इटलीच्या डोंगरातल्या एका खेड्यात जन्म. सात पिढ्यांचा पास्ता. नोनाला फक्त तिची भाषा येते आणि प्रेमाची भाषा येते.' नोना म्हणजे तिकडे आजी. माझ्या सात पिढ्यांत पास्ता कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. वडील गोदामात वजनकाट्यावर होते आणि आई शिवणकाम करायची.

मी इथे आले ती भांडी घासायला. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी. तेव्हा तिकडचा एक आचारी चार महिन्यांसाठी आलेला होता, इथल्या पोरांना शिकवायला. पोरांना घाई. तो दाखवायचा आणि ती आपसात गप्पा मारायची. मी मोरीवरून बघायचे. एक दिवस त्याने सुरी माझ्या हातात दिली, आणि चार महिन्यांनी तो गेला तेव्हा हॉटेलात कान करता येणारी मी एकटीच उरले होते. मालकाने काचेची खोली बांधली. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईने विचारलं, "या तिकडच्याच का हो?" मालक म्हणाला, "हो."

त्या एका 'हो'ला एकोणीस वर्षं झाली.

सुरुवातीला पांढऱ्या केसांचा विग होता. एकेचाळिसाव्या वर्षी आजी दिसायचं म्हणजे काहीतरी लागणारच. पाचेक वर्षांपूर्वी विगची गरज संपली. मला मिळालेली बढती म्हणायची तर एवढीच. नियम मात्र पहिल्या दिवसापासून तेच आहेत. काचेत बोलायचं नाही. हॉलमध्ये यायचं नाही. कुणी हात हलवला तर मान लववायची, कुणी फारच लाडात आलं तर फटीपाशी वाकून 'प्रेगो' म्हणायचं. प्रेगो म्हणजे असू द्या, घ्या, या, काहीही. एकोणीस वर्षं मी या एका शब्दावर भागवलं आहे.

गंमत अशी की मला काही कळत नाही या भरवशावर लोक एक नंबरच्या टेबलावर वाटेल ते बोलतात. मी तिथे लग्नं ठरताना ऐकली आहेत आणि मोडतानाही. एका गृहस्थाने दोन वेगवेगळ्या बायकांना, चार महिन्यांच्या अंतराने, शब्दाचाही फेरफार न करता तेच भाषण ऐकवलं. दोन्ही वेळा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिच्यासारखे आपण म्हातारे होऊ." मी मान लववली. दुसरं काय करणार?

मालक वाईट माणूस नाही. असता तर मी केव्हाच निघून गेले असते. हा माझ्या पाठीला शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून देतो, वाढदिवसाला सगळ्यांना गोळा करून केक कापतो, आणि सुट्टी मागितली की असा चेहरा पाडतो की आपणच त्याच्या घरात चोरी केली असं वाटावं. "नोना, लोक तुम्हाला बघायला येतात हो," म्हणतो. "फक्त एवढे चार दिवस थांबा."

दाराचंही तसंच. माझ्या खोलीच्या दाराची आतली मूठ दोन वर्षांपूर्वी तुटली. आतून दार उघडत नाही. बाहेर यायचं असलं की मी सुरीच्या मुठीने दोनदा ठोकते आणि किचनमधलं कुणीतरी उघडतं. मालकाला सांगितलं की तो म्हणतो, "करू, करू." मलाही ते अंगवळणी पडलं. माणसाला काय काय अंगवळणी पडतं याचा विचार मी सहसा करत नाही.

ताई बसली होती, पण खुर्ची फिरवून काचेकडे तोंड करून. सुनेने तिच्यापुढे मेनूकार्ड धरलं.

"आई, हे बघा, यात लिहिलंय. त्या इटलीच्या आहेत. त्यांना आपलं बोलणं कळतसुद्धा नाही."

"चिंगीला सगळं कळतं," ताई म्हणाली. "बोलत नाही, पण कळतं सगळं. लहानपणी अक्षर गिरवायला बसली की अशीच जीभ बाहेर. डाव्या कोपऱ्यातनं. मी हनुवटीवर टिचकी मारायची."

माझ्या हनुवटीला ती टिचकी जाणवली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली, तेव्हा माझी वेणी, माझी पाटी, माझं सर्दीचं नाक, सगळं ताईच्या वाट्याला. आणि पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा तीही ताईच्याच वाट्याला आली. अकरा वर्षं. मी लांबून फोन करायचे. येते म्हणायचे. जायचं जमलं ते दोनदा की तीनदा. नऊ वर्षांपूर्वी, वर्षअखेरीच्या गर्दीच्या दिवसांत, ताईचा फोन आला: "आता ये. आता खरंच ये." मी मालकाकडे गेले. त्याने चेहरा पाडला. हॉल महिनाभर आधीपासून भरलेला होता. "नोना, फक्त चार दिवस थांबा," तो म्हणाला. मी थांबले. आई तिसऱ्या दिवशी गेली.

मी फोन केला तेव्हा ताई रडत नव्हती. तिने एवढंच म्हटलं, "तू मला मेलीस," आणि फोन ठेवला. त्यानंतर मी फोन लावला की तिकडून तो बंद व्हायचा. पत्रं पाठवली, ती परत आली. मग मीही थांबवलं. खरं सांगायचं तर तिला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती, आणि तोंड न दाखवायला काचेसारखी जागा नाही. तिथे सगळ्यांना दिसूनही कुणालाच दिसायचं नसतं.

सुनेने फोन कानाला लावला, मग वैतागून खाली घेतला आणि त्यातच निरोप बोलायला लागली. "अहो, उचलत का नाही? रिपोर्ट मिळाले की डॉक्टरांना विचारूनच या. आईंना आता नसलेली माणसं दिसायला लागलीत. इथे पास्ता करणारी एक परदेशी म्हातारी आहे, तिला बहीण म्हणून बसल्यात. सकाळपर्यंत एवढं नव्हतं. गोळी वाढवायला लागेल का, ते विचारा. मला भीती वाटतेय हो."

तिला खरंच भीती वाटत होती.

माझा मात्र अंगठा थांबला. गोळी वाढवणार! ताई आज पहिल्यांदा, कदाचित कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, अगदी बरोबर बोलत होती, आणि त्याबद्दल तिची गोळी वाढणार होती.

"आई," सून खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "माझ्याकडे बघा. चिंगीमावशी आता नाहीत ना?"

"कुठे गेली?"

"वारल्या ना त्या. आमच्या लग्नाच्याही आधी. तुम्हीच सांगितलं होतंत मला. मी विचारलं, मावशी का नाही आल्या लग्नाला, तर तुम्ही म्हणालात, ती मेली."

मी सुरी खाली ठेवली. म्हणजे त्या घरात मी मेले होते. रागात टाकलेला एक शब्द, नव्या सुनेने तो खरा मानला, आणि कुणालाही तो दुरुस्त करावासा वाटला नाही. मी इथे 'हो' म्हणून जगत होते आणि तिकडे 'मेली' म्हणून संपले होते. दोन्ही ठिकाणी मला कुणी विचारलेलं नव्हतं.

पण खरं वाईट पुढेच होतं. ताईचा चेहरा माझ्याकडे होता. ती बातमी तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरताना मला दिसली. ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मेली?" ती म्हणाली. "आमची चिंगी? कधी?"

"आई..."

"मला कसं कुणी सांगितलं नाही? अगं, ती लहान आहे माझ्याहून!" ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ती रडायला लागली. आवाज न करता. आई गेली तेव्हा कशी रडली असेल ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते आज बघत होते, आणि तेही माझ्यासाठी, दोन हातांच्या अंतरावरून.

मी वाकले. फटीपाशी तोंड नेलं. एवढंच म्हणायचं होतं, ताई, मी आहे. दोन-तीन शब्द. डोळे भरलेले, हॉल माणसांनी भरलेला, आणि माझं तोंड उघडलं.

"प्रेगो," मी म्हणाले.

देवाशपथ सांगते, मला ते म्हणायचं नव्हतं. पण एकोणीस वर्षं त्या फटीपाशी वाकलं की तोच शब्द बाहेर पडत आलेला. जिभेला दुसरी वाटच माहीत नव्हती.

ताईने माझ्याकडे पाहिलं. ओल्या डोळ्यांनी, अगदी अनोळखी.

"बघितलंत ना आई?" सून हळूच म्हणाली. "त्यांची भाषा वेगळी आहे." आणि माझ्याकडे वळून तिने ओशाळून हात जोडले, त्रास दिल्याबद्दल माफी मागितल्यासारखे.

तेव्हा मी सुरी उलटी धरली आणि दारावर दोनदा ठोकलं.

कुणी आलं नाही. रविवारची दुपार. किचनमध्ये पंखे, कढया, ऑर्डरींची ओरड. पुन्हा ठोकलं. मग दोनदा-बिनदा सोडून दिलं आणि नुसती ठोकत सुटले. पाठीमागे हॉलमधली माणसं बघत असणार. बघू देत, नाहीतरी बघायलाच आलेली. लाकडावर सुरीच्या मुठीचे खळगे पडले. ते अजून आहेत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तर तो त्या नऊ वर्षांएवढा वाटला.

दार उघडलं ते मोठ्या आचाऱ्याने. "काय झालं नोना? पाणी हवंय?"

मी त्याला बाजूला सारून निघाले. किचनमधून हॉलकडे जाणारा बोळ अरुंद आहे, समोरून ट्रे आला की भिंतीला चिकटावं लागतं. तिथे मालक उभा. त्याला कुणीतरी सांगितलं असणार की नोनाला काहीतरी झालंय.

"नोना, बरं वाटत नाहीये का? मागे जाऊन पडा जरा. इकडे कुठे? हॉल भरलाय."

"माझी बहीण आलीये," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "एक नंबरला बसलीये."

त्याने मान वळवून हॉलकडे पाहिलं, मग माझ्या झग्याकडे, मग काळ्या रुमालाकडे. तो हिशोबी नव्हता, घाबरलेला होता. "अरे वा! असं का? मग मी त्यांना मागच्या दारानं आणतो ना तुमच्याकडे. निवांत बोला. फक्त एवढी गर्दी ओसरू दे. दहा मिनिटं थांबा."

"मागच्या वेळी थांबले होते," मी म्हणाले.

मालकाला आठवलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, आणि हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याने भिंतीला चिकटून मला वाट दिली.

हॉलमध्ये पाऊल टाकलं तेव्हा मला कळलं की मी इथली फरशी काचेशिवाय कधी पाहिलेलीच नव्हती. काचेतून ती तपकिरी दिसते. ती लाल आहे. जवळच्या टेबलांवरचे काटे थांबले. एका मुलीने "नोना! नोना बाहेर आली!" म्हणून फोन वर केला. मी कुणाकडे पाहिलं नाही. एक नंबरपाशी गेले, डोक्यावरचा रुमाल ओढून काढला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, मी मेले नाही. मी चिंगी. ही बघ, मी आहे."

कुणीतरी मागे म्हणालं, "अरे, ही तर आपल्यासारखीच बोलते."

सुनेचा हात तोंडावर गेला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग ताईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आमची नाकं सारखी आहेत. "म्हणजे..." ती म्हणाली. "अगं बाई! मावशी?" तिचे डोळे भरून आले. "आई, तुम्ही बरोबर सांगत होतात. सगळं बरोबर सांगत होतात तुम्ही!"

"कशाबद्दल?" ताईने विचारलं.

ताईच्या हातात पावाचा तुकडा होता. मी दार ठोकत होते तेवढ्यात वेटर पावाची टोपली ठेवून गेला असावा. ती तुकडा तेलात बुडवून चवीने खात होती. गाल कोरडे होते. रडं कुठे गेलं, चिंगी कुठे गेली, काही माग नव्हता. तिने मान वर करून माझा झगा पाहिला, पिठाचे हात पाहिले आणि परक्या माणसाशी हसावं तसं, फार गोड हसली.

"तुम्ही आमची भाषा किती छान बोलता हो!" ती म्हणाली. "कुठे शिकलात?"

मी म्हणाले, "माझ्या बहिणीनं शिकवली."

"हो का? छान. मलाही बहीण आहे धाकटी." तिने पर्स उचलून शेजारची खुर्ची मोकळी केली. "बसा ना. उभ्या किती राहणार? तिला आणायला हवं होतं इथं, तिला आवडलं असतं. पण तिला सुट्टी मिळत नाही हो. यायचं असतं तिला. फार यायचं असतं. लोक काहीही बोलतात, पण तिचा काही दोष नाही. सुट्टीच देत नाहीत."

सून तोंड फिरवून रडायला लागली. मी रडले नाही. याच वाक्याची मी नऊ वर्षं वाट पाहिली होती, आणि ते मला नाही, कुण्या परदेशी बाईला सांगितलं गेलं. पण सांगितलं गेलं. मी ते घेतलं.

मी बसले. एकोणीस वर्षांत या हॉलच्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले. खुर्च्या मऊ आहेत. समोर माझी खोली दिसत होती, दिवा लागलेला, अर्धा भरलेला ट्रे, पालथी पडलेली सुरी, सताड उघडं दार. बाहेरून ती खूपच लहान दिसते. एवढ्याशा जागेत कुणी आयुष्य काढलं असेल हे कुणाला सांगूनही पटणार नाही. सुनेने नवऱ्याला पुन्हा फोन लावला होता आणि या वेळी त्याने उचललाही होता. "गोळीचं काही विचारू नका," ती सांगत होती. "नाही, नाही, काही वाढवायची नाही. आधी इकडे या तुम्ही. मावशी जिवंत आहेत हे मला का नाही सांगितलंत, ते माझ्या समोर बसून सांगा."

मालक स्वतः बशी घेऊन आला. पुढे काय होईल हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मेनूकार्डाचं पहिलं पान आता खोटं ठरलं होतं आणि ते शंभर माणसांसमोर. त्याने बशी ताईपुढे ठेवली, क्षणभर घुटमळला, आणि दुसरी माझ्यापुढे ठेवली. मी सकाळी केलेले कान. त्यांच्यावर माझाच अंगठा उमटलेला.

ताईने काट्याने एक कान टोचायचा प्रयत्न केला. तो निसटला. पुन्हा टोचला, पुन्हा निसटला. "गुळगुळीत आहेत मेले," ती म्हणाली आणि ओशाळून हसली.

"द्या इकडे," मी म्हणाले. बहिणीला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. मी तिची बशी पुढे ओढली, सुरी घेतली आणि एकेक कान मधोमध कापायला लागले. सावकाश, एका मापाने. सून बघत होती, मालक बघत होता, आणि शेजारच्या टेबलांनी बघायचं अजून थांबवलेलं नव्हतं.

कापता कापता मी मुद्दाम जीभ बाहेर काढली. डाव्या कोपऱ्यातून, थोडीशी. एक कान झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. ताई माझ्या हातांकडे बघत होती. मी हनुवटी जराशी तिच्या बाजूला वळवली आणि कापत राहिले.